झराईची सुधारित कथा

विजयश्री गव्हाणेला गोष्ट सांगता येते, हे कंपनीच्या बसमधल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. सकाळी पावणेसहाला नाशिक फाट्यावर बस लागायची. भोसरी, मोशी मागे टाकून चाकणला पोचेपर्यंत तिची एक गोष्ट पुरायची. डुलक्या काढणाऱ्या बायकासुद्धा डोळे मिटूनच 'मग पुढं काय झालं' म्हणून विचारायच्या. ती मूळची धाराशिवकडची, वय छत्तीस. लग्नानंतर गणराजबरोबर पिंपळे गुरवला आली आणि गेली सात वर्षं चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनचं स्टोअर सांभाळत होती. कांद्याच्या गोण्या, तेलाचे डबे, संपत आलेली तूरडाळ, यातच दिवस जायचा.

पिंपळे सौदागरमधल्या एका शाळेला लहान मुलांना गोष्टी सांगणारी शिक्षिका हवी होती. विजयश्री जाऊन भेटून आली. तिथल्या बाईंना तिचं बोलणं आवडलं, पण नुसत्या बी.ए.वर भागणार नाही, या विषयाचं काहीतरी प्रमाणपत्र लागेल, असं त्या म्हणाल्या. जूनपर्यंत आणलंत तर बघू, असंही म्हणाल्या. म्हणून तिनं एका विद्यापीठाच्या 'पुराणकथा आणि कथाकथन' या सहा महिन्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातलं. वर्गात तीस जण होते. कुणी नाशिकचं, कुणी ठाण्याचं, एक बाई तर दुबईहून बसायच्या. देवस्थळी मॅडम शिकवायच्या. विजयश्री कँटीनमधून घरी आली की स्वयंपाक उरकून फोन साखरेच्या डब्याला टेकवायची आणि वर्गात बसायची.

मध्यावर रिव्ह्यू वीक आला. कुठल्याही पुस्तकात न छापलेली एक कथा कुणाकडून तरी ऐकून आणायची आणि दहा मिनिटांत व्हिडिओवर सांगायची. वर्गातले तिघं ती तपासणार, मॅडम शेरा देणार, मग शुक्रवारपर्यंत कथा सुधारून पुन्हा द्यायची आणि शनिवारी सगळ्यांसमोर चर्चा. शंभरातले चाळीस मार्क त्या एका आठवड्याचे.

विजयश्रीनं निवडली झराईची कथा. ती तिला कुशाबाईनं सांगितली होती. कुशाबाई कँटीनमध्ये तांदूळ निवडायची, भाजी साफ करायची. चौसष्टीची असेल. तिचं गाव कंपनीच्या मागच्या भिंतीपासून मैलभरावर. कंपनीची पार्किंगची जागा एके काळी तिच्या सासरचं वावर होतं. तांदूळ निवडता निवडता तिनं ही कथा तुकड्या-तुकड्यांनी सांगितली होती. गावात पाण्याचा थेंब नव्हता. विहिरीत गुडघाभर चिखल. गुरं मरायला लागली. तेव्हा एका घरची थोरली सून न्हाऊन-माखून, हिरवं लुगडं नेसून, पोटात बाळ असताना विहिरीत उतरली आणि म्हणाली, मला घे पण गावाला पाणी दे. तिसऱ्या दिवशी झरा फुटला. तेव्हापासून ती झराई. विहिरीच्या काठावर तिचं ठाणं आहे, चैत्रात जत्रा भरते. आणि एक गोष्ट कुशाबाईनं न चुकता सांगितली होती. देवीच्या एकाच हातात बांगड्या भरतात. उजव्या. डावा हात मोकळा ठेवतात.

सोमवारी शेरे आले. दोघांनी कौतुक केलं होतं. तिसरा होता निरंजन, हिंजवडीतल्या कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीतला, वर्गात सगळ्यात जास्त बोलणारा. त्यानं क्रमांक घालून मुद्दे लिहिले होते. त्यातला तिसरा असा, की डाव्या हाताचा तपशील लोंबकळतो आहे. एक तर त्याचं कारण द्यावं, नाही तर तो काढून टाकावा. देवस्थळी मॅडमनी त्याखाली लिहिलं, निरंजन बरोबर म्हणतोय, सांगणाऱ्या बाईंकडे पुन्हा जा आणि विचारा.

विजयश्री बुधवारी विचारायला गेली. जेवणाची पहिली पंगत उठली होती. मागच्या बाजूला, गॅसच्या टाक्यांशेजारच्या पत्र्याखाली, कुशाबाई मेथीची जुडी सोडत बसली होती. विजयश्री समोर टेकली, फोन चालू करून पाटावर ठेवला आणि बोलणं त्यात धरते आहे असं सांगितलं. कुशाबाईनं मान हलवली. मग तिनं विचारलं, की झराईचा डावा हात मोकळा का?

कुशाबाईनं हातातली जुडी संपवली. मग तिनं विचारलं, की ही गोष्ट ऐकणार कोण. विजयश्री म्हणाली, "तीस जण आहेत, मावशी. आपल्याकडचं कुणी नाही."

"नक्की?"

"नक्की."

मग कुशाबाईनं सांगितलं. तिचा आवाज एकदाही चढला नाही, हे विजयश्रीला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं.

झराई काही पुराणातली नव्हती. ती कुशाबाईची थोरली जाऊ होती. शालन. पंचेचाळीस वर्षं झाली. शालनला दोन मुलीच होत्या आणि तिसऱ्यांदा दिवस गेले होते. थोरल्या दिराला दुसरी बायको करायची होती. शालन म्हणाली, आणून तर बघा, खेडच्या कचेरीत जाऊन उभी राहते. त्या दिवशी ती विहिरीवर होती, खाली चिखलात पोहरा टाकून पाणी धरत होती. कुशाबाई एकोणीस वर्षांची, घरात येऊन वर्ष झालेलं. कळशी घेऊन ती बांधावरून येत होती. तिनं दिराला मागून येताना पाहिलं. त्यानं ढकललं ते पाहिलं. शालन पडता पडता डाव्या हातानं काठाच्या दगडाला लोंबकळली.

"त्यानं धोंडा घेतला अन् हातावर घातला," कुशाबाई म्हणाली. "बांगड्या फुटल्या. तिनं माझ्याकडं बगितलं व्हतं. मी तिथंच हुभी."

शालनला बाहेर काढायला माणसांना गाळ उपसावा लागला, त्यात खालचा झरा मोकळा झाला. फौजदार आला तेव्हा विहिरीत पुरुषभर पाणी होतं. सगळं घर ओसरीवर बसलेलं. फौजदार एकेकाला विचारत कुशाबाईपर्यंत आला. सासू तिच्या तोंडाकडं बघत होती, दीर बघत होता.

"मला कुनी शिकवलं न्हाई," कुशाबाई म्हणाली. "भ्या वाटलं. अन् अंगात आलं. म्हंजी, मी आनलं. केस सोडलं, घुमाय लागले, म्हनलं मी पान्यासाठी गेले, माझ्या पायानं गेले. समदी बसलेली मानसं उठून माझ्या पाया पडली. फौजदारबी पडला."

विजयश्रीनं विचारलं, की मग हाताचं?

"तेवढंच खरं ठिवलं," कुशाबाई म्हणाली आणि निवडलेली मेथी परातीत टाकून उठली.

विजयश्रीनं दोन दिवस विचार केला. जुनीच कथा थोडी सारवून द्यावी, डाव्या हातासाठी काहीतरी बरं कारण जोडावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण कथा डोक्यातून जाईना. गणराजला तिनं फक्त एवढंच सांगितलं, की कथेला वेगळं वळण लागलं आहे. तो म्हणाला, मार्क पडतील ते बघ. शुक्रवारी दुपारी तिनं स्टोअरचं दार लावून घेतलं आणि गोण्यांना पाठ टेकवून कथा नव्यानं सांगितली. गावाचं नाव घेतलं नाही, कुशाबाईचं घेतलं नाही. झराईचं मात्र घेतलं. ते बदलायचं तिला सुचलंच नाही. एका दमात सांगितली, एकदाही थांबली नाही. आपण याहून चांगली गोष्ट कधी सांगितलेली नाही, हे तिला सांगतानाच कळत होतं. आणि त्याचा तिला आनंद झाला होता, हेही खरं.

शनिवारी चर्चा झाली. आधी तिचा व्हिडिओ लावला. मग मॅडम म्हणाल्या, आता कथेत ताकद आली. दुबईच्या बाईंनी डोळे पुसले. ठाण्याच्या एका मुलीला वाटलं, की दिराचं पात्र एकरंगी झालंय, त्याची बाजूही यायला हवी. निरंजननं शेवटावर बोट ठेवलं. ऐकणाऱ्याला उमेद देईल असा शेवट हवा, त्या धाकट्या सुनेनं फौजदारासमोर बोलायला हवं होतं, असं तो म्हणाला. विजयश्रीनं सांगितलं, की ती बोलली नाही. तो म्हणाला, हो, पण कथेत बोलू शकते ना. पुढची वीस मिनिटं त्यावर चर्चा चालली. चाळीसपैकी अडतीस मार्क मिळाले. वर्गात सगळ्यात जास्त.

मंगळवारी अभ्यासक्रमाच्या पानावर 'रिव्ह्यू वीकच्या निवडक कथा' म्हणून पाच व्हिडिओ लागले. तिचा पहिला. कुणालाही बघता येईल असे. विजयश्रीनं विद्यापीठाच्या ऑफिसला फोन करून तो काढायला सांगितलं. तिथल्या मुलीनं सांगितलं, की प्रवेश घेताना तुम्ही संमतीच्या चौकोनात टिक केलेली आहे. मॅडमना निरोप टाकला, तर त्यांनी अभिनंदनाचा नुसता अंगठा पाठवला. ती पुन्हा पुन्हा ऑफिसला लिहीत राहिली. गुरुवारी बसमधल्या एका बाईनं तिला तिचाच व्हिडिओ फोनवर दाखवला आणि विचारलं, ही झराई म्हणजे आपल्या कंपनीमागचीच ना?

शुक्रवारी कुशाबाई कामावर आली नाही. शनिवारीही नाही.

कुशाबाईचा मुलगा बाळू कंपनीचीच एक बस चालवायचा, दुसऱ्या मार्गावरची. त्या बसगाड्यांचं कंत्राट रंगराव नावाच्या माणसाकडं होतं. विजयश्रीला एवढं माहीत होतं. रंगराव हा त्या थोरल्या दिराचा दुसऱ्या बायकोपासूनचा मुलगा आणि झराईच्या जत्रा कमिटीचा अध्यक्ष, हे तिला बाळूच्या फोनवरून कळलं. बाळू ओरडला नाही. तो म्हणाला, "ताई, रविवारी गावात या. नाय आलात तर आमचं काही खरं नाय."

तिनं गणराजला सगळं सांगितलं, तेव्हा तो जाऊ नको म्हणाला. मग तोच बरोबर आला.

ठाणं आता मोठं झालं होतं. संगमरवरी फरशी, वर पत्र्याचा मांडव, विहिरीवर लोखंडी जाळी. पन्नास-साठ माणसं जमली होती. रंगरावनं दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. तो शांतपणे बोलत होता. बाहेरून आलेल्या माणसांनी इथं पोट भरावं, त्याला कुणाची ना नाही, पण इथल्या देवीला हात घालू नये, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचे वडील वारून बारा वर्षं झाली होती. ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली, असं त्यानं विचारलं.

विजयश्रीनं कुशाबाईचं नाव घेतलं नाही. पण घ्यायची गरजच नव्हती. बायकांच्या घोळक्यातून कुशाबाईला पुढं आणलं. ती हिरवं नेसली होती. तिनं विजयश्रीकडं एकदा पाहिलं, मग विहिरीकडं तोंड केलं. तिचे खांदे हलायला लागले. पांढरे केस सुटले. हलगी वाजत नव्हती, काही नव्हतं, तरी ती घुमायला लागली आणि माणसं मागं सरून हात जोडून उभी राहिली.

"मी माझ्या पायानं उतरले," ती विजयश्रीकडं वळून म्हणाली. "मला कुनी ढकललं न्हाई. ही बाई खोटं बोलती. हिच्या तोंडात किडं पडतील."

विजयश्री तिच्या डोळ्यांकडं बघत होती. डोळे उघडे होते आणि त्यात कसलीही देवी नव्हती. त्या क्षणी तिला कुशाबाईची दया आली नाही. राग आला. इतका, की खिशातला फोन काढून जमलेल्या सगळ्यांना पत्र्याखाली धरलेला तिचा आवाज ऐकवावा असं वाटलं. तिचा हात फोनपर्यंत गेलाही. तेवढ्यात मांडवाच्या खांबापाशी उभ्या असलेल्या बाळूकडं तिचं लक्ष गेलं. त्यानंही हात जोडले होते.

विजयश्रीनं नारळ फोडला. देवीपुढं नाक घासलं. चूक झाली, मी मनानं जोडून सांगितलं, असं मोठ्यानं म्हटलं. दोघा-तिघांनी ते फोनमध्ये घेतलं. परतताना मोटारसायकल गणराज चालवत होता. मोशीच्या टोलनाक्याजवळ त्यानं गाडी कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, की तू तिला शब्द दिला होतास ना.

तक्रार विद्यापीठापर्यंत गेली. सोबत नाक घासतानाचा व्हिडिओ जोडलेला होता. व्हिडिओ पानावरून त्याच दिवशी उतरला; तिच्या आठ निरोपांनी जे झालं नव्हतं ते एका पत्रानं झालं. मग तिला मेल आली. कथा 'संकलित' या प्रकारात दिलेली आहे, पण सोबतच्या व्हिडिओत ती मनानं जोडल्याचं तुम्हीच म्हटलं आहे. तीन दिवसांत पुरावा सादर करावा, ध्वनिमुद्रण असल्यास जोडावं. अन्यथा कथा बनावट समजून नियमाप्रमाणे कारवाई होईल.

वर्गाच्या ग्रुपवर निरंजननं मोठा मजकूर टाकला. लोककथा गोळा करणाऱ्याची जबाबदारी, समाजाच्या भावना, सत्याशी प्रामाणिक राहणं, असं बरंच होतं त्यात. शेवटी त्यानं लिहिलं होतं, की त्याला स्वतःला पहिला खर्डाच जास्त आवडला होता. सतरा जणांनी अंगठे दिले. त्यात दुबईच्या बाईंचाही होता.

देवस्थळी मॅडमनी मात्र फोन केला. रेकॉर्डिंग असेल तर पाठवा, मी बघते, नाव बाहेर जाणार नाही, असं त्या म्हणाल्या. विजयश्रीनं विचारलं, "नक्की?" त्या म्हणाल्या, "नक्की." हा शब्द तिनं पत्र्याखाली स्वतःच्या तोंडून ऐकला होता. तिनं सांगितलं, की रेकॉर्डिंग नाही.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं मेल लिहिली. कथा मी रचली आहे, कुणीही मला सांगितलेली नाही. दोन ओळी. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. चाळीसपैकी शून्य, प्रवेश रद्द, आणि एक वर्ष त्या विद्यापीठाच्या कुठल्याही अभ्यासक्रमाला बसता येणार नाही. पिंपळे सौदागरच्या शाळेत जूनमध्ये कुणी दुसरी रुजू झाली. ते तिला शाळेच्या फाटकावरच्या बॅनरवरून कळलं.

कुशाबाई गैरहजर राहिल्यापासून अकराव्या दिवशी कामावर आली होती. नेहमीच्या जागी बसली, परात ओढली. विजयश्री तांदळाची गोणी द्यायला गेली. आजूबाजूला कुणी नव्हतं. माफी मागायची असं तिनं मनाशी घोकलं होतं, आणि जाब विचारायचा असंही. कुशाबाईनंच आधी विचारलं.

"माझं बोलनं फोनात धरलं व्हतंस. ते हाय का?"

"आहे."

"पुस."

विजयश्री म्हणाली, की ते तिनं कुणालाही दिलेलं नाही, कधी देणारही नाही. पण ते पुसलं तर शालनचं काहीच उरणार नाही.

"शालनचं काय उरायचंय," कुशाबाई म्हणाली. "माझा बाळू हाय. पुस. माझ्यासमोर पुस."

विजयश्रीनं फोन काढला. सत्तावीस मिनिटांचं होतं. कुशाबाईनं चष्मा लावला आणि तिचं बोट कुठं पडतं ते वाकून पाहिलं. मग पुसलं गेलं का, असं दोनदा विचारलं. विजयश्रीनं हो म्हटलं. त्यावर ती फक्त 'बरं' म्हणाली आणि तांदूळ पसरायला लागली.

पुसलेलं ते तीस दिवस फोनच्या कचऱ्यात पडून राहतं, हे विजयश्रीला माहीत होतं. कुशाबाईला नव्हतं. त्या तीस दिवसांत ते परत काढावं असं विजयश्रीला दोनदा वाटलं. एकदा बसमध्ये, एकदा स्टोअरमध्ये. तिनं काढलं नाही. एकतिसाव्या दिवशी पाहिलं तर ते गेलेलं होतं.

पुढच्या चैत्रात जत्रा दणक्यात झाली. आधीच्या वर्षीपेक्षा माणसं दुप्पट आली, कारण झराईवर बालंट आलं आणि तिनं स्वतः अंगात येऊन ते परतवलं, हे आता चाकणपासून राजगुरुनगरपर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं. पालखीला यंदा बाळूचा खांदा होता. रंगरावनं कंपनीसाठी लापशीची तीन पातेली पाठवली आणि कँटीनच्या मॅनेजरनं ती वाटायचं काम विजयश्रीकडं दिलं. तिनं दोन्ही शिफ्टना, चारशे माणसांना वाढली. शेवटी कुशाबाई ताटली घेऊन समोर उभी राहिली. विजयश्रीनं पळी भरली. कुशाबाई म्हणाली, की तुलाबी घे, प्रसाद हाय. मग दोघी मागच्या पत्र्याखाली बसल्या, एकमेकींपासून हातभर अंतर ठेवून, आणि लापशी गार व्हायच्या आत त्यांनी ती खाल्ली.